रोजच्या ताटाचा इतिहास

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे शिलालेख, ताम्रपट, नाणीं, बखरी आणि दफ्तरें हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. तवा, परात, जातें आणि चूल यांची गणना त्यांत कोणी करीत नाहीं. लढाई कोठें झाली, तह कोणत्या कलमांनीं झाला, कोणत्या सरदारास किती जहागीर मिळाली, याचा तपास आपल्या संशोधकांनीं आयुष्यें वेंचून केला. परंतु त्या लढाईहून परतलेला शिपाई घरीं काय जेवला, तें कोणीं शिजविलें, आणि शिजविण्याची ती विद्या तिच्याकडे कोठून आली, हा प्रश्न फारसा कोणास पडला नाहीं. तो क्षुल्लक म्हणून सोडून दिला गेला असावा. वास्तविक पाहतां राज्यें गेलीं, पोशाख बदलले, भाषेंतील शब्द पालटले, तरी दिवसांतून दोन वेळां अखंड चालत आलेली एखादी संस्था असेल तर ती घरची चूल होय. तिचा इतिहास क्षुल्लक कसा म्हणावा?

प्रस्तुत लेखांत भाकरी, पिठलें किंवा आमटी, एखादी पालेभाजी, मिरचीचा ठेचा आणि ताक एवढ्याच ताटाचा विचार करावयाचा आहे. कोंकणांत व गोव्यांत भाकरीच्या जागीं भात आणि ताकाच्या जागीं सोलकढी येईल. तेवढा फरक वाचकांनीं आपल्या मनाशीं करून घ्यावा. या जेवणास आपण ‘साधें’ म्हणतों. आणि साधें म्हणजे मूळचें, पूर्वजांनीं जसें दिलें तसेंच आजवर चालत आलेलें, असें गृहीत धरतों. हें गृहीत कितपत टिकतें तें पाहूं.

लेखी आधार शोधूं गेल्यास प्रथम हातीं लागतात ते राजेरजवाड्यांच्या पंक्तींचे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर याच्या नांवावरील ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा आहे. त्यांतील अन्नभोगाच्या प्रकरणांत मांडे, पुऱ्या, वडे, आजच्या इडली-डोशांचे पूर्वज, मासे आणि नानाविध मांसान्नें यांचें सविस्तर वर्णन येतें. सतराव्या शतकांत रघुनाथ नवहस्त यानें ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं जिलबीचा इतिहास जुळवितांना त्याचा उपयोग केला आहे. इ. स. १७८३ मध्यें सवाई माधवरावांचें लग्न झालें, तेव्हां नाना फडणविसांनीं व्यवस्थेची जी बारीकसारीक याद करून दिली ती प्रसिद्धच आहे. परंतु हे सारे आधार मेजवानीचे आहेत. ज्या दिवशीं लग्न नव्हतें, पाहुणा नव्हता, सणवार नव्हता, त्या दिवशींच्या जेवणाची याद कोणीं केली नाहीं. तें जेवण इतकें नित्याचें कीं, लिहून ठेवण्याजोगें त्यांत कांहीं आहे असें लिहिणाऱ्यास वाटलेंच नाहीं.

म्हणून रोजच्या ताटाचा पुरावा आडवाटेनें मिळवावा लागतो. त्यांतला एक जमिनीखालीं सांपडला. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं इ. स. १९६८ पासून पुढें अनेक वर्षें उत्खनन केलें. सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या या शेतकऱ्यांच्या वस्तींत घरें, चुली, धान्य साठविण्याचे पेंव आणि जळून कोळसा झालेले दाणे हातीं आले. त्या दाण्यांत प्राधान्य होतें सातूचें. कुळीथ, मसूर अशीं कडधान्यें होतीं; पण ज्या मिरचीवांचून आज आपला घास उतरत नाहीं ती तेथें असणें शक्यच नव्हतें. दुसरा पुरावा एका परक्या माणसाच्या चौकसपणानें दिला. पेशवाई बुडाल्यावर थोड्याच वर्षांत टॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरानें पुण्याजवळच्या लोणी गांवाची समग्र हकीकत लिहिली; ती इ. स. १८२३ मध्यें मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथांत छापली गेली. जमीनमहसुलाबरोबर कुणब्याच्या घरांतलें धान्य, डाळ, भाजीपाला, मसाला, दूधदुभतें यांचीहि त्यानें नोंद घेतली. पुढें डॉ. गो. स. घुर्ये यांनीं त्याच लोणीकंदाची पुन्हा पाहणी करून इ. स. १९६० मध्यें पुस्तक प्रसिद्ध केलें. ज्या गोष्टी घरच्या माणसास सांगण्यासारख्या वाटल्या नाहींत त्या पाहुण्यास वाटल्या, हा आपल्या इतिहासलेखनाचा एक नमुनाच होय.

आतां ताटांतील एकेक पदार्थाची वंशावळ पाहूं. भाकरी आपल्यास देशाच्या मातीइतकी जुनी वाटते. पण ज्वारी आणि बाजरी हीं दोन्ही धान्यें मूळचीं आफ्रिकेंतलीं. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या सहस्रकांत तीं समुद्रमार्गें भारतांत पोंचलीं असें पुरावनस्पतिशास्त्राचे अभ्यासक मानतात. पिठल्याचा हरभरा पश्चिम आशियांतला. तूर, मूग आणि कुळीथ मात्र खास येथले. म्हणजे ज्वारीची भाकरी आणि तुरीची आमटी एका ताटांत आली, तेव्हांच दोन खंडांची सोयरीक झाली होती.

सर्वांत नवी आणि सर्वांत बलवान् पाहुणी म्हणजे मिरची. कोलंबस इ. स. १४९२ मध्यें अमेरिकेस पोंचला त्यापूर्वीं आशिया, आफ्रिका व युरोप या तिन्ही खंडांत मिरची ठाऊक नव्हती. वास्को द गामा १४९८ मध्यें कालिकतास आला, १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें, आणि त्यांच्या गलबतांबरोबर ही वनस्पति पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तिचें नांवच तिचा उपरेपणा सांगतें. आपल्याकडे तिखटपणासाठीं मिरें, पिंपळी, आलें, मोहरी होतीं. नव्या फळास वेगळें नांव न देतां मिऱ्यांवरून ‘मिरची’ म्हटलें गेलें. पण नांव उसनें घेणाऱ्या या परक्या फळानें मिऱ्यांस स्वयंपाकांतून जवळजवळ हुसकून लावलें, याचें कारण चवींत शोधण्यापेक्षां अर्थशास्त्रांत शोधावें. मिऱ्याचा वेल मलबार-कानड्याच्या दमट डोंगरांत वाढतो; देशावरच्या कुणब्यास मिरीं घ्यावयाचीं तर रोख पैसा मोजावा लागे. मिरची त्याच्या वाफ्याच्या कोपऱ्यांत उगवते, उन्हांत वाळविली कीं वर्षभर टिकते, आणि एका मिरचीवर अख्खी भाकरी खाऊन होते. श्रीमंताच्या डब्यांतला तिखटपणा अशा रीतीनें गरिबाच्या परसांत आला.

याहून विलक्षण गोष्ट उपवासाच्या पानांत आहे. साबूदाण्याची खिचडी घ्या. बटाटा दक्षिण अमेरिकेंतल्या अँडीज पर्वतावरचा, आणि ‘बटाटा’ हा शब्दहि आपण पोर्तुगीजांकडूनच घेतलेला. भुईमूग त्याच खंडांतला. मिरचीचें सांगून झालेंच. साबूदाणा पूर्वीं मलायाकडील एका ताडजातीच्या गाभ्यापासून होई. हल्लीं तो टॅपिओकाच्या कंदापासून करतात, आणि तो कंदहि अमेरिकेंतलाच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मद्रास इलाख्यांतील सेलम भागांत त्याचा धंदा उभा राहिला. म्हणजे ज्या एकादशीस घरचें पिढीजात धान्य वर्ज्य, त्याच दिवशीं सातासमुद्रांपलीकडचे हे चार पदार्थ पवित्र! त्यांतहि भुईमुगाची गंमत अशी कीं, वनस्पतिशास्त्राप्रमाणें तो तुरीमुगाच्याच कुळांतला. आणि ‘मूग’ हा वर्ज्य शब्द तर त्याच्या नांवांतच बसला आहे. तरी त्यास कोणीं अडविलें नाहीं. जुन्या स्मृतिकारांस हे पदार्थ माहीत नसल्यामुळें निषेधाच्या यादींत त्यांचीं नांवें नव्हतीं. परंतु निषेध नाहीं एवढ्यानें पदार्थ पानांत येत नाहीं. तो कोणीतरी आणावा लागतो. हा निर्णय शास्त्र्यांच्या सभेंत झाला नसून माजघरांत झाला असावा, असें म्हणावयास हरकत दिसत नाहीं. मुलांबाळांनीं दिवसभर उपाशीं राहूं नये, आणि व्रतहि मोडूं नये, अशी दुहेरी काळजी जिला होती तिनेंच तो केला.

येथें मूळ मुद्द्यास हात घालतां येतो. साधें जेवण हें आपोआप घडलेलें नाहीं. तें रचलेलें आहे. परकी वस्तु घरांत घेणें, तिचा स्वभाव ओळखणें, जुन्या चवींत ती मिसळून टाकणें, आणि तिसऱ्या पिढीस ती परकी होती याची आठवणहि न उरणें, हें काम बुद्धीचें आहे. भाकरीचेंच पाहा. गव्हाच्या कणकेंत जो चिकटपणा असतो तो ज्वारींत नाहीं. म्हणून पीठ ताजें हवें, पाणी ऊन हवें, पीठ तळहाताच्या टांचेनें मळावयास हवें, भाकरी थापावयास हवी, आणि तव्यावर टाकल्यावर तिच्या अंगावरून पाण्याचा हात फिरवावयास हवा. यांतली एक पायरी चुकली तर भाकरी चिरते. आहारशास्त्रानें अलीकडे सांगितलें कीं, ज्वारींत लायसिन हें द्रव्य कमी असतें तें डाळींत मिळतें, आणि डाळींत ज्याची उणीव तें धान्य भरून काढतें. हंगेरीच्या सेंट-ज्यॉर्जी यांनीं १९३० नंतरच्या दशकांत ‘क’ जीवनसत्त्व विपुल प्रमाणांत काढलें तें मिरचीच्याच एका जातींतून, आणि १९३७ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या बायकांस यांतलें एकहि नांव ठाऊक नव्हतें. तरी भाकरीशेजारीं डाळ, आणि तिच्या कडेला हिरवी मिरची, ही मांडणी त्यांनीं अनुभवानें कायम केली होती.

तथापि जुन्या चुलीचें नुसतें गुणगान करणें हा इतिहास नव्हे. त्या ताटामागें पहाटेच्या काळोखांत जात्यावर घातलेले तास होते, विहिरीवरून आणलेल्या घागरी होत्या, धुरानें चुरचुरणारे डोळे होते. सर्वांस वाढून झाल्यावर जें उरेल त्यावर बसणें ही अनेक घरांत रीतच होती. साधेपणाचा भार सर्वांवर सारखा पडत नसे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खनच्या कित्येक चुली मुळीं पेटल्याच नाहींत. १९७२ च्या दुष्काळांत परदेशांतून आलेली मिलो ही लाल ज्वारी आणि दुष्काळी कामावरची सुकडी यांवर लाखों माणसांनीं दिवस काढले. त्या बेचव मिलोच्या भाकऱ्या कशा थापल्या, त्यांस चव कशानें आणली, हें सांगणाऱ्या स्त्रिया अजून हयात आहेत. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीं तर मोडून खाल्ली, असल्या हिशेबाचें तें रांधणें नव्हतें. मुलांच्या तोंडीं घांस जाईल कीं नाहीं, हा त्यांत प्रश्न होता.

छापील पुस्तकांनीं ही उणीव कितपत भरून काढली? रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्यें निघालें, आणि मराठींत पाकशास्त्राच्या पुस्तकांची परंपरा सुरू झाली. पुढें लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ आलें. १९७० मध्यें कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नें वाटी-चमच्याचें माप घरोघर नेलें. माहेर-सासरपासून दूर, मुंबईच्या दोन खोल्यांत किंवा परदेशांत संसार मांडणाऱ्या मुलींस या पुस्तकांनीं आईची जागा भरून दिली, हें त्यांचें ऋण मोठें आहे. परंतु त्यांतलें स्वयंपाकघर बहुतेक पांढरपेशांचें. गांवकुसाबाहेरच्या चुलीवर काय शिजत होतें, आणि तेथें तेलतुपावांचून, मिळेल त्या वस्तूंतून चव कशी निर्माण केली जात होती, याची दखल मराठी पाकशास्त्रानें फार उशिरां घेतली. मराठवाड्यांतील महार व मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांचें ‘अन्न हें अपूर्णब्रह्म’ हें पुस्तक १९१५ मध्यें नव्हे, तर २०१५ मध्यें प्रसिद्ध झालें. शंभर वर्षांचा हा विलंब आपण ध्यानांत ठेवावा. स्त्रियांच्या बाजूचा दुसरा मोठा पुरावा जात्यावरच्या ओव्यांत आहे. हेमा राइरकर व गी प्वाटव्हाँ यांच्या प्रयत्नानें खेडोपाडीं हिंडून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा झाल्या. दळणाऱ्या बाईनें आपलें सुखदुःख दळतां दळतां सांगितलें. तिच्याकडे दुसरें दफ्तर नव्हतें.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून, माळ्यावरचीं बाडें वाळवीच्या तोंडून सोडवून, ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचे बावीस खंड सिद्ध केले. तीं साधनें कागदावर तरी होतीं; खंडण्या, वराता, हुंड्या कोणीतरी लिहून ठेवल्या होत्या. स्वयंपाकाचें दफ्तर कागदावर नाहीं. तें हाताच्या अंदाजांत आहे, आणि तें माणसाबरोबरच नाहींसें होतें. गिरणीनें जातें नेलें, गॅसनें चूल नेली, याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. त्यांनीं स्त्रियांच्या अंगावरचें ओझें उतरविलें. परंतु ओझ्याबरोबर त्यांचें ज्ञानहि टाकून द्यावें असा कांहीं नियम नाहीं.

यासाठीं मोठ्या संशोधनसंस्थेची वाट पाहावयास नको. ज्या घरांत सत्तरी-ऐंशीची एखादी आजी किंवा आत्या असेल, त्या घरांतल्या मुलामुलींनीं वही घेऊन तिच्यापाशीं बसावें. सणाचे पदार्थ नंतर विचारावेत. ते पुस्तकांत मिळतात. आधीं हें विचारावें कीं, महिनाअखेरीस डब्यांत कांहीं नसे तेव्हां काय रांधीत असूं, बहात्तर सालीं भाकरी कशाची केली, आपल्याकडे शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो केव्हांपासून येऊं लागला, सासूनें काय शिकविलें आणि तिनें स्वतः काय बदललें. उत्तरें तिच्या शब्दांतच उतरून घ्यावींत, आणि खालीं तिचें नांव, गांव व साल घालावें. मानसोल्लासाच्या पानावर राजाचें नांव आहे. या वहीवर तिचें असावें.