टॉमस, ब्रँडन
(२४ डिसेंबर १८४८–१९ जून १९१४). इंग्रज नट व नाटककार. जन्म लिव्हरपूल येथे. १८७९ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर पदार्पण. नाटके अनेक लिहिली. कीर्ती मात्र चार्लीज आंट या एकाच प्रहसनाची. फेब्रुवारी १८९२ मध्ये बेरी सेंट एडमंड्स येथे पहिला प्रयोग झाला आणि डिसेंबरात ते लंडनच्या रॉयल्टी थिएटरात आले. लंडनमध्ये सलग १,४६६ प्रयोग हा तेव्हाचा विक्रम होता. मावशीचे सोंग घेणारा विद्यार्थी डब्ल्यू. एस. पेनली यांनी रंगवला. टॉमस स्वतः सर फ्रान्सिस चेस्नी झाले. सोंग उघडे पडण्याची भीती प्रत्येक प्रवेशात वाढवत नेणारी त्यांची रचना आजही अभ्यासावी अशी आहे. आचार्य अत्रे यांचे मोरूची मावशी याच नाटकावर बेतलेले. विजय चव्हाण यांनी त्यातली मावशी घरोघरी पोहोचवली.