'टेक-ऑफ' केव्हा म्हणायचं?

इंग्रजीच्या तासाला कधी ना कधी विमानप्रवासाचा पाठ येतो. बोर्डिंग पास, गेट, टेक-ऑफ, लँडिंग असे शब्द फळ्यावर लिहिले जातात. विमान फक्त आकाशात पाहिलेली मुलंसुद्धा हे शब्द पटकन उचलतात. शब्द आला, अर्थ कळला, काम झालं असं आपल्यालाही वाटतं. पण वैमानिकांचा अनुभव वेगळा आहे. शब्द येणं आणि निरोप पोचणं यांत केवढं अंतर असतं, हे त्यांना फार मोठी किंमत देऊन शिकावं लागलं.

सुरुवातीला विमानाला स्वतःचे शब्द फारसे नव्हतेच. कॅप्टन, क्रू, केबिन हे शब्द जहाजावरून आले. 'एअरपोर्ट'मधला 'पोर्ट' म्हणजे बंदरच. विमानाचा वेग आजही 'नॉट'मध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल, असा सांगतात. पण विमानात रेडिओ आला आणि उसन्या शब्दांवर भागेना. जहाजं संकटात 'एसओएस' हा संदेश मोर्सच्या कडकट्टात पाठवत. तोच बोलून सांगायचा तर खरखरीत 'एस'चा उच्चार नीट ऐकू येत नसे. १९२०च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर फ्रेडरिक मॉकफर्ड हे रेडिओ अधिकारी होते. त्यांच्याकडची बरीचशी वाहतूक पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळाशी चाले. दोन्हीकडच्या माणसांना कळेल असा शब्द त्यांनी सुचवला: 'मेडे'. 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांशी त्याचा उच्चार जुळतो. मे महिन्याशी त्याचा काही संबंध नाही. १९२७ साली त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तो ओळीनं तीनदा उच्चारतात.

'रॉजर'ची गोष्टही अशीच. 'निरोप मिळाला' हे सांगायला मोर्समध्ये 'आर' हे अक्षर पाठवत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेडिओवर अक्षरं सांगताना 'आर'साठी 'रॉजर' म्हणत. म्हणून 'रॉजर' म्हणजे फक्त 'तुमचं बोलणं मला पूर्ण ऐकू आलं'. 'होय' असा त्याचा अर्थ नाही, आणि 'तसं करतो' असाही नाही. तसं करणार असेल तर 'विल्को' म्हणायचं.

पुढे अक्षरांचाच प्रश्न आला. बी, डी, पी, टी ही अक्षरं रेडिओवर सारखीच वाटतात. मॉन्ट्रियल विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ झां-पॉल विने यांच्या मदतीनं आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं नवी यादी तयार केली. निरनिराळ्या देशांच्या लोकांकडून शब्द म्हणवून आणि ऐकवून ते पारखले गेले. १ मार्च १९५६पासून अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही मालिका लागू झाली. 'आर'साठी 'रोमिओ' आला, तरी 'रॉजर' मात्र टिकला. आकड्यांचे उच्चारही ठरवून घेतले आहेत. 'नाइन' आणि 'फाइव्ह' यांत गोंधळ नको म्हणून 'नायनर' म्हणतात. 'थ्री'मधला पहिला उच्चार अनेक भाषांत नाहीच, म्हणून 'ट्री' चालतो. इथे जिभेला दोष न देता शब्दच बदलला, हे आपण शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे.

एवढी काळजी घेऊनही २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या ताब्यातल्या टेनेरीफ बेटावर मोठा घात झाला. जवळच्या दुसऱ्या बेटावरच्या विमानतळावर बाँब फुटल्यामुळे अनेक विमानं इकडे वळवली होती. धुकं दाट होतं. एक डच जंबोजेट धावपट्टीच्या टोकाला उभं होतं. एक अमेरिकन जंबोजेट त्याच धावपट्टीवरून समोरून येत होतं. नियंत्रकानं डच विमानाला पुढच्या मार्गाची सूचना दिली. ती उड्डाणाची परवानगी नव्हती, पण तिच्यात 'टेक-ऑफ' हा शब्द होता. डच सहवैमानिकानं सूचना परत म्हणून दाखवली आणि शेवटी 'आम्ही आता टेक-ऑफवर आहोत' अशा अर्थाचे शब्द जोडले. नियंत्रक समजला, विमान उड्डाणाच्या जागी थांबलं आहे. प्रत्यक्षात ते धावू लागलं होतं. नियंत्रक 'ओके' म्हणाला. लगेच त्यानं 'थांबा, मी सांगतो' असंही म्हटलं. पण त्याच क्षणी अमेरिकन विमानही बोललं, आणि एकाच लहरीवर दोन आवाज आल्यामुळे डच वैमानिकांना कर्कश शिट्टीसारखा आवाज ऐकू आला. टकरीत ५८३ माणसं मेली.

धुकं, घाई, रेडिओ अशी अनेक कारणं एकत्र आली होती. पण शब्दांचा वाटा मोठा होता, आणि यातला एकही शब्द कठीण नव्हता! त्यानंतर नियम झाला: 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. नुसतं 'ओके' किंवा 'रॉजर' म्हणून भागवायचं नाही. महत्त्वाची सूचना स्वतःच्या तोंडून परत म्हणायची, आणि सांगणाऱ्यानं ती लक्ष देऊन ऐकायची.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी आपल्या देशात, हरियाणातल्या चरखी दादरीजवळ, दिल्लीहून निघालेलं सौदी विमान आणि दिल्लीकडे येणारं कझाक विमान आकाशात धडकलं. दोन्ही विमानांतले सर्व ३४९ जण गेले. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांखाली उतरलं होतं. चौकशीत दिसलं, की वैमानिकांचं इंग्रजी कच्चं होतं. नियंत्रकाशी बोलण्याचं काम रेडिओ ऑपरेटरकडे होतं. त्याच्यासमोर मात्र उंची दाखवणारं उपकरणच नव्हतं.

आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या वैमानिकांसाठी आणि नियंत्रकांसाठी मार्च २००८पासून भाषेची ठरावीक पातळी आवश्यक झाली. सहांपैकी किमान चौथी पातळी हवी. उच्चार, रचना, शब्दसंग्रह, ओघ यांच्याबरोबर ऐकून समजणं आणि संवाद साधणं हेही त्यात तपासतात. उच्चारावर मातृभाषेची छाप असली तरी चालते. ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे.

आपण वर्गात 'समजलं का?' विचारतो. मुलं एका सुरात 'हो' म्हणतात. हा 'हो' नियंत्रकाच्या 'ओके'चाच भाऊ. एक खेळ घेऊन पाहा. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाला साधी आकृती द्या. त्यानं ती इंग्रजीत सांगायची, दुसऱ्यानं काढायची. प्रत्येक सूचना आधी परत म्हणायची. नुसतं 'यस' चालणार नाही. शेवटी दोन्ही आकृत्या शेजारी ठेवा. कुठे बिनसलं ते मुलंच शोधतील, आणि बहुतेक वेळा ते एखाद्या अगदी सोप्या शब्दापाशी सापडेल.