बसल्याजागी दुखणारं काळीज

आपल्या विटा भागात एखादी बाई भोवळ येऊन पडली की आपण म्हणतो, रक्त कमी असेल, उपवास बाधला असेल, ऊन लागलं असेल. पुष्कळदा ते खरंही असतं. पण कधी कधी त्या भोवळीमागं हृदय असतं. हे डॉक्टरांना उमगायलाही फार वर्षं लागली. तीच गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

1768 साली लंडनच्या डॉ. विल्यम हेबर्डेन यांनी छातीच्या एका दुखण्याचं वर्णन केलं. चालताना, चढ चढताना छाती आवळते, थांबलं की बरं वाटतं. पुढं हृदयाचं दुखणं म्हणजे कष्टानं येणारं दुखणं, असंच मनात बसलं. मग जे रोगी सांगायचे, की काम करताना काही होत नाही, पहाटे अंथरुणातच कळ येते, त्यांचं काय?

1959 साली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसचे डॉ. मायरन प्रिन्झमेटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच रोग्यांची माहिती मांडली. कळ चालू असताना ईसीजी बदललेला दिसे, कळ थांबली की पहिल्यासारखा. हृदयाची रक्तवाहिनी तेवढ्यापुरती आवळत असावी, असं त्यांना वाटलं. पोटरीत गोळा येतो ना, तसंच काहीसं. 1970 नंतरच्या दशकात इटलीतल्या पिसा शहरात डॉ. आत्तिलिओ मासेरी यांच्या गटानं आवळलेल्या वाहिनीची चित्रंच घेतली.

वाहिनी आवळली की ठोके बिघडू शकतात, फार जलद किंवा फार मंद होतात. मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. वाहिनी सैल झाली की शुद्धीवर येतो. नंतर काढलेला ईसीजी चांगलाही येतो. पण धोका टळलेला नसतो.

आपल्याकडं कितीतरी घरांतले पुरुष गलाईच्या धंद्यापायी परमुलखात असतात. पहाटे पडलेली बाई उठते, चुलीपाशी बसते आणि गोष्ट तिथंच विरते. असं होऊ देऊ नका. छातीत कळ येऊन भोवळ आली तर कांदा हुंगवत बसू नका, 108 ला फोन करा. किती वाजता झालं, तेव्हा काय करत होतो, छातीत काय वाटलं, हे डॉक्टरांना सांगा. यावर औषधं आहेत. विडी-सिगारेटनं हा धोका वाढतो. मिश्रीतही तंबाखूच असते, तीही सोडा.

रोग्यांचं बोलणं नीट ऐकलं गेलं, म्हणून हा आजार सापडला. तेव्हा बायांनो, आपलं दुखणं बोला.