वंचक बगळा: उडाल्यावरच पांढरा दिसणारा पक्षी

डबक्याच्या काठाला, भातखाचराच्या बांधावर, अगदी शहरातल्या नाल्यातसुद्धा मातकट रंगाचा एक पक्षी मान आखडून बसलेला असतो. लक्षातही येत नाही. तुम्ही चार पावलांवर पोहोचलात की मात्र कर्कश ओरडत उडतो आणि एकदम पांढरेशुभ्र पंख दिसतात. हाच वंचक, म्हणजे भुरा बगळा. काही भागांत त्याला ढोकरी म्हणतात. वंचक म्हणजे फसवणारा. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

लांबी साधारण ४५ सेंटीमीटर. विणीच्या हंगामात तो ओळखूच येत नाही: पाठ गडद तांबूस, मान पिवळट, डोक्यामागे लांब पांढरी पिसं. खाणं मासे, बेडूक, खेकडे, किडे. त्यासाठी उथळ पाण्यात तो पुतळ्यासारखा उभा राहतो.

या पक्ष्याची शास्त्रीय नोंद आपल्याच दख्खनमधली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले अधिकारी विल्यम साईक्स यांनी १८३२ मध्ये ती केली आणि प्राणिशास्त्रज्ञ जॉन ग्रे यांच्या नावावरून त्याला 'ग्रेयी' हे नाव मिळालं.

आययूसीएनच्या यादीत वंचक 'कमी चिंता' गटात आहे. प्रजाती धोक्यात नाही, पण घरट्यांचं तसं नाही. वंचक पावसाळ्यात, इतर बगळ्यांसोबत, एकाच मोठ्या झाडावर घरटी करतात. अशा वसाहतीला सारंगागार म्हणतात. चिंच, वड, पिंपळ, रस्त्याकडेचा पर्जन्यवृक्ष, काहीही चालतं. एका घरट्यात तीन ते पाच निळसर हिरवी अंडी असतात. खाली गाड्यांवर विष्ठेचा सडा पडतो, वास सुटतो, आणि सोसायटीतून फांद्या छाटायची मागणी होते. हा त्रास खोटा नाही. पण जून ते सप्टेंबरमध्ये फांदी पडली की न उडणारी पिल्लंही तिच्यासोबत पडतात.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार घरटी आणि अंडी नष्ट करणं गुन्हा आहे. पालिकेची छाटणीची परवानगी हातात असली, तरी आधी झाडावर घरटी आहेत का ते बघा. पिल्लं उडून गेल्यावर, पावसाळा संपला की छाटणी करता येते. तोवर गाडी दुसरीकडे लावा.

पडलेलं पिल्लू दिसलं तर त्याला दूध किंवा भात भरवू नका. हवा खेळेल अशा खोक्यात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. उचलताना चोचीपासून डोळे जपा.