आप्पांची जीप आणि पाळण्यातली कागदपत्रं

मागे गणपतीत आमच्या कलघटगीच्या वाड्यासमोर उभ्या असलेल्या जीपचा फोटो टाकला होता. खाली बऱ्याच जणांनी विचारलं, "ही अजून चालते का?" आणि "हिला पासिंग मिळालं कसं?" पहिल्याचं उत्तर एका शब्दात आहे, चालते. दुसऱ्याचं जरा लांबलचक आहे. त्यात आमच्या घराचा इतिहास आहे आणि थोडाफार देशाचाही. म्हणून सवडीने लिहितोय.

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कलघटगी म्हणजे धारवाड जिल्ह्यातला तालुका. हुबळीहून कारवारकडे निघालात की तासाभरात लागतो. अलीकडे काळी माती, पलीकडे मलनाडचं जंगल आणि भाताची शेतं. आमचा रंगीत लाकडी पाळणा प्रसिद्ध आहे, तो तर तुम्ही ऐकलाच असेल. १९५६ पर्यंत आम्ही मुंबई राज्यात होतो, मग म्हैसूरात गेलो, १९७३ ला राज्याचं नाव कर्नाटक झालं. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि गॅरेजमध्ये दोन्ही, अशी आमची तीन पिढ्यांची रीत.

जीप आजोबांनी १९६८ साली घेतली. महिंद्राची सीजे-३बी, उंच बॉनेटची. इंजिन पेट्रोलवरचं, विलीसचं हरिकेन, २.२ लिटर. ताकद भरपूर, पण पिणं त्याहून भरपूर. आजोबांना त्याचं काही वाटायचं नाही. महायुद्धात पेट्रोलवर रेशन आलं तेव्हा देशभर मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या लावून त्या गॅसवर गाड्या चालवल्या होत्या, त्या आठवणी त्यांच्याकडे होत्या. "इंजिन काय, जे घालाल ते खातं. ज्याला जे परवडतं ते त्याने घालावं," असं ते म्हणायचे. गाडी तीच ठेवून इंधन बदलण्याची कल्पना आपल्याकडे तेव्हापासूनची आहे.

१९७३ च्या तेलसंकटानंतर मात्र पेट्रोल घालणं सगळ्यांनाच जड जायला लागलं. डिझेल त्या मानाने पुष्कळ स्वस्त होतं, पण डिझेलची मोटार विकत मिळायची नाही. हिंदुस्थान मोटर्सने १९८० च्या सुमारास अँबेसेडर डिझेलवर आणली, तीच आपल्या देशातली पहिली डिझेल कार. महिंद्राने प्यूजोच्या परवान्यावर एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवायला घेतलं. पण नवी गाडी घेण्याची ऐपत किती जणांची? म्हणून गावोगावच्या मिस्त्रींनी आपला मार्ग काढला. जुन्या पेट्रोल गाडीतलं इंजिन उतरवायचं आणि डिझेलचं चढवायचं. बजाज टेम्पोच्या मॅटॅडोरचं इंजिन अँबेसेडरमध्ये बसवलेलं तर तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिलं असेल. लग्नाच्या वऱ्हाडात अशी एक तरी अँबेसेडर असायचीच, लांबूनच टकटक आवाज करत येणारी.

आमच्या आप्पांनी १९८४ साली हेच केलं. अपघातात मोडलेल्या एका जीपचं प्यूजो इंजिन मिळालं. हुबळीच्या मिस्त्रींनी ते बसवायला तीन आठवडे घेतले. नुसतं इंजिन ठेवलं की झालं असं नसतं. फाउंडेशन नव्याने वेल्डिंग करावी लागतात, गिअरबॉक्सशी जुळणारं बेल हाऊसिंग लागतं, रेडिएटर मोठा, बॅटरी मोठी, थंडीत सुरू व्हायला हीटर प्लगचं वेगळं स्विच, आणि पंपातून उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी एक जादा नळी. मी तेव्हा दहा वर्षांचा. शाळा सुटली की रोज बघायला जायचो. शेवटच्या दिवशी मिस्त्री आप्पांना म्हणाले, "सावकार, आता अरबैलचा घाट चढून या, मग पैसे द्या." आम्ही यल्लापूरवरून अंकोल्यापर्यंत जाऊन आलो. येताना घाटात आई म्हणाली, "मागे बघा, किती धूर!" आप्पा हसले. तेव्हा धुराला कोणी धूर म्हणत नव्हतं. गाडी ओढते आहे, एवढंच त्याचा अर्थ होता.

हे लिहिताना मी जुने कायदे चाळले. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात, कलम ३२ मध्ये, गाडीत बदल करायचा तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून संमती घ्यायची सोय होती. म्हणजे इंजिन बदलणं बेकायदा नव्हतं, गुपचूप बदलणं बेकायदा होतं. इंजिन नंबर, इंधन, वजन या गोष्टी पुस्तकात नोंदवल्या की झालं. धुराचे आकडे देशभरासाठी आले ते पुढे, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत. नियम ११५ मध्ये पेट्रोल चारचाकीला उभ्या इंजिनवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत, आणि डिझेलला ॲक्सिलरेटर दाबून मोजलेला धूर ६५ हार्ट्रिज युनिटच्या आत, असं ठरलं. तिथूनच आपलं 'पीयूसी' जन्माला आलं.

आता मुख्य गोष्ट. आप्पा २०१८ साली गेले. जीप माझ्या नावावर झाली, आणि २०२२ मध्ये नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी ६०० वरून ५००० रुपये झाली होती. ते ठीक. पण त्याआधी पीयूसी काढायला गेलो आणि अडकलो. २०२१ पासून पीयूसी देशभर एकाच नमुन्यात आणि राष्ट्रीय नोंदवहीशी जोडलेलं आहे. सेंटरवरच्या मुलाने नंबर टाकला आणि म्हणाला, "सर, गाडी पेट्रोल दाखवते." मी बॉनेट उघडून दाखवलं. तो म्हणाला, "मला दिसतंय सर, पण कॉम्प्युटरला दिसत नाही." पेट्रोल गाडीच्या नळीत गॅस ॲनलायझर घालतात, डिझेलच्या नळीत धूरमापक. चुकीच्या यंत्रावर बरोबर गाडी पास होणार तरी कशी?

घरी भीतीचं वातावरण. पुतण्या म्हणाला, "काका, दहा वर्षांवरचं डिझेल बंद झालंय." ती बंदी दिल्ली आणि आसपासच्या भागापुरती आहे हे त्याला समजावलं. मग त्याने दुसरी युक्ती काढली, व्हिंटेज नंबर घेऊ. २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. आमची चोपन्न वर्षांची, म्हणजे बसत होती. पण नियम वाचला तर गाडी मूळ रूपात हवी, इंजिन बदललेलं चालणार नाही. ज्या बदलाने जीप एवढी वर्षं जगली, त्याच बदलामुळे ती वारसा ठरत नव्हती.

वकील मित्राने आणखी घाबरवलं. २००० साली कायद्यातलं कलम ५२ बदललं. आता कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. सूट आहे ती मान्यताप्राप्त किट लावून सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा इंधनावर नेण्याला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. "तुझा बदल १९८४ चा आहे आणि तेव्हाच मंजूर झालेला आहे, एवढं कागदावर दाखव. नाहीतर विसर," तो म्हणाला.

नूतनीकरण केलेल्या पुस्तकात इंजिन नंबर नवा होता, पण इंधनाच्या रकान्यात जुनंच 'पेट्रोल' उतरलं होतं. वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. आमच्याही नाही, आणि पुस्तक तर आमच्याच कपाटात होतं.

आप्पा कागद जपायचे. त्यावरून आम्ही त्यांची चेष्टा करायचो. विजेचं १९७१ सालचं बिल कशाला ठेवता म्हणून मी एकदा भांडलोही होतो. माळ्यावर आमचा जुना पाळणा आहे, मी, माझी बहीण, दोघंही त्यात वाढलो. त्यात कापडाच्या गाठोड्यात त्यांचे सगळे कागद. दोन रात्री शोधलं. तिसऱ्या रात्री बायकोला सापडलं. इंजिनची पावती, बदलाचा अर्ज आणि मंजुरीचं पत्र, जांभळ्या शिक्क्याचं, त्यावर स्वच्छ लिहिलेलं: इंधन डिझेल. अर्जावर आप्पांची सही, आणि मागे पेन्सिलीने त्यांचं टिपण, "मूळ प्रत कधीही देऊ नये. नक्कल द्यावी."

आरटीओतल्या साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट घेतली, इंजिन नंबर स्वतः वाकून पाहिला. अर्ज, प्रतिज्ञापत्र, तपासणी या सगळ्यात सात आठवडे गेले आणि इंधनाची नोंद दुरुस्त झाली.

वाटलं सुटलो. पुन्हा पीयूसीला गेलो. डिझेलच्या यंत्रावर धूर आला ८१. मर्यादा ६५. नापास!

खरं सांगतो, तेव्हा लाज वाटली. इतके महिने मी कागदाच्या मागे धावत होतो, धुराकडे पाहिलंच नव्हतं. आई अरबैलच्या घाटात बोलली होती त्याला अडतीस वर्षं झाली होती. हुबळीत पंप उतरवून कॅलिब्रेशन केलं, चारही नोझल बदलले, एअर फिल्टर बदलला, टॅपेट सेट केले. मिस्त्रींचा मुलगा आता गॅरेज बघतो. तो म्हणाला, "काका, हे इंजिन धूर टाकत नव्हतं, डिझेल वाया घालवत होतं. काळा धूर म्हणजे न जळलेलं इंधन." पुढच्या तपासणीत आकडा आला ५२. ॲव्हरेजही वाढलं.

नोंदणी पाच वर्षांसाठी वाढली आहे. पीयूसी दर सहा महिन्यांनी काढतो, मुदत संपायच्या आठवडाभर आधी.

तुमच्याकडे अशी इंजिन बदललेली जुनी गाडी असेल तर आजच आरसी काढा. इंजिन नंबर आणि इंधन, दोन्ही रकाने वाचा आणि गाडीशी ताडून बघा. बदलाच्या मंजुरीचा कागद घरात कुठे आहे तो शोधा. घरातली मोठी माणसं आहेत तोवर त्यांना विचारा. आम्हाला विचारायला आप्पा नव्हते, पण त्यांनी उत्तर पाळण्यात ठेवलं होतं. विजेचं बिलही तिथेच होतं. ते मी परत जागेवर ठेवलं.