नहर-ए-अंबरी आणि आमचा वीस बाय तीसचा प्लॉट

मलिक अंबरचं नाव निघालं की आपण गनिमी काव्याबद्दल आणि मोगलांना वर्षानुवर्षं झुलवल्याबद्दल अभिमानाने बोलतो. त्याने पाण्याचं काय केलं, याकडे आपलं लक्ष कमीच जातं.

1610 मध्ये त्याने खडकी वसवली. पुढे त्याच खडकीचं औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. गावाच्या नावातच खडक होता. इथे मोठी लोकवस्ती करायची, तर आधी पाणी हवं. अंबरने उत्तरेला, हर्सूलच्या बाजूला जमिनीत झिरपणारं पाणी हेरलं आणि भूमिगत नहरीतून ते शहरात आणलं. मोट नाही, पंप नाही. जमिनीचा उतार आणि पाण्याचा दाब, एवढ्यावर सगळं चालायचं. गाळ काढायला आणि हवा खेळायला नहरीवर जागोजागी विहिरीसारखी तोंडं ठेवलेली होती. नंतरच्या काळात आणखी नहरी झाल्या. अठराव्या शतकातल्या पाणचक्कीचं जातं असंच लांबून आलेल्या पाण्यावर फिरायचं.

पण नहर म्हणजे नुसती नळी नव्हे. तिचं खरं धरण म्हणजे शहराबाहेरची मोकळी जमीन. पाऊस तिथे मुरायचा, म्हणून नहर वाहायची.

1970 च्या दशकापासून शहर चहूबाजूंनी पसरलं. औद्योगिक वसाहती आल्या, सिडको आलं, आणि ज्यांना तिथलं घर परवडत नव्हतं त्यांच्यासाठी गुंठेवारी आली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती. शेतं गेली, नाले बुजले, खाम नदीत सांडपाणी आलं. नहर कोणी एका दिवसात पाडली नाही. कुठे तिच्यावर भिंत आली, कुठे तिच्या तोंडात कचरा गेला.

यात मी इतरांकडे बोट दाखवून मोकळा होऊ शकत नाही. जुन्या शहरातलं घर पुरेनासं झालं तेव्हा अब्बांनी हर्सूलच्या बाजूला वीस बाय तीसचा प्लॉट घेतला. कागद बाँडपेपरवरचा. शेजारी एक जुनं दगडी तोंड होतं, त्यात आम्ही पोरं खडे टाकायचो. गल्लीचा रस्ता झाला तेव्हा ते मुरूम टाकून बुजवलं. साप निघतात, पोरं पडतील, म्हणून सगळ्यांनाच बरं वाटलं. आम्ही काय बुजवलं, हे मला इतिहास वाचायला लागल्यावर कळलं.

आमच्या बोअरला तेव्हा शंभर फुटांवर पाणी लागलं होतं. आता चारशेवरही धूळ येते. महापालिकेचं पाणी सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या जायकवाडीतून, पंपाने वर चढवून येतं. तेही कित्येक दिवसांआड. बाकीचे दिवस टँकर.

गरिबाने शहराच्या कडेला घर बांधूच नये, असं मी म्हणणार नाही. त्याला दुसरीकडे जागा कोणी दिली? पण ले-आउट पाडताना नाला आणि नहर सोडून प्लॉट आखता आले असते. उरलेली तोंडं शोधून त्यांची नोंद करणं, त्यात कचरा न टाकणं, मशिदीच्या आणि घरांच्या छतावरचं पाणी जमिनीत मुरवणं, हे मोहल्ल्याच्या हातात आजही आहे.

मलिक अंबरच्या नावाने आपण जलसे करतो. त्याआधी एकदा आपल्या गल्लीखाली काय गाडलं गेलंय, ते बघू या.