विश्वस्ताची शाळा



कारखाना चालविणे ही बापाने मुलास पेढीवर बसवून शिकविण्याची विद्या, अशी आपल्या व्यापारी घराण्यांची पिढ्यान्‌पिढ्या समजूत होती. स्वातंत्र्यानंतर मोठमोठे कारखाने उभे राहू लागले, तेव्हा ही विद्या शाळेतही शिकवावी लागेल हे सरकारास पटले. १९६१ साली त्यासाठी दोन संस्था निघाल्या. एक कलकत्त्यास. दुसरी मुंबईस काढावी असा मूळचा विचार होता. परंतु विक्रम साराभाई व कस्तुरभाई लालभाई यांच्या खटपटीने ती अहमदाबादेस गेली. मुंबईची उणीव १९६५ साली भरून निघाली. विद्यापीठाने अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने व्यवस्थापनाची संस्था काढली आणि तिला जमनालाल बजाज यांचे नाव दिले.

या नावापाशी आम्ही थबकतो. जमनालालजी १९४२ सालीच वारले होते. वर्ध्याचे हे धनिक काँग्रेसचे खजिनदार. असहकारात त्यांनी रायबहादुर ही पदवी सोडली. १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांस खुले केले. धनवान हा संपत्तीचा मालक नसून विश्वस्त होय, हे गांधीजींचे मत आचरणात आणण्याचा त्यांनी यत्न केला.

आता विश्वस्त म्हटला की हिशेब दाखविणे आलेच. पण तो वाचावयाचा कोणी?

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमची शाळा कारखान्याच्या फाटकाबाहेर भरली. पगारवाढीच्या एका वाटाघाटीत, अशाच एका संस्थेतून शिकून आलेल्या तरुण व्यवस्थापकाने ताळेबंद आमच्यापुढे सरकविला व म्हणाला, ‘यात वाढीस जागा कोठे आहे, दाखवा.’ आम्हांस तो वाचता येईना. राग त्याचा नव्हे, स्वतःचा आला. पुढे एका सेवानिवृत्त हिशेबनिसापाशी रात्री बसून आम्ही घसारा म्हणजे काय, राखीव निधी म्हणजे काय, ते शिकलो. पुढच्या कराराच्या वेळी ती जागा आम्ही दाखविली.

म्हणून अशा शाळा निघाल्याचे आम्हांस वैषम्य नाही. चालविणारा शिकला, तसे हिशेब मागणाऱ्यानेही शिकले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळवून दिली. त्या रविवारातला एक तास आमच्या बांधवांनी ताळेबंदास द्यावा.